तीर्थाची ओल

तुळशीचं लग्न झालं, की दुसऱ्या दिवशी पिंपळदऱ्यातल्या अंजिराच्या बागा ताणावर जायच्या. पूर्वी हे बरंच आधी उरकायचं म्हणतात. पण पाऊसच दिवाळीचा फराळ करून जायला लागला, तेव्हा बागांनाही मुहूर्त पुढे ढकलावा लागला.

ताण म्हणजे पाणी तोडणं. झाडाला तहानेनं इतकं जेरीस आणायचं की पानं पिवळी होऊन गळावीत, नुसत्या राखाडी काड्या उराव्यात. मग एक दिवस ठरवून पहिलं पाणी सोडायचं. त्या पाण्यासरशी झाड सगळ्या अंगानं फुटतं आणि फळ एकाच बहरात, एकसारखं लागतं. ताण मध्येच मोडला तर झाड गोंधळतं. इथे चार पानं, तिथे दोन फळं, असं सालभर रडत राहतं.

त्या वर्षीही सामाईक शेततळ्याच्या बांधावर पाणी गटातल्या बायका जमल्या. गटाच्या अध्यक्ष सुचेताकाकू कामथे. साठीच्या जवळ आलेल्या, कपाळाला अष्टगंध, आणि आवाज इतका हळू की त्या बोलायला लागल्या की शेजारच्यांना आपलं बोलणं थांबवावं लागे. त्यांनी तळ्यातलं पाणी एकेकीच्या ओंजळीत घातलं.

"म्हणा. पहिलं पाणी सुटेपर्यंत माझ्या हातनं बागेत थेंब पडणार नाही."

सगळ्यांनी म्हटलं आणि ओंजळीतलं पाणी परत तळ्यात सोडलं.

"घाम पडला तर चालतंय का काकू?" कविता कुंजीर म्हणाली. "का त्योबी पुसून घ्यायचा?"

"तुला घाम येईल असं काम तर काढ आधी," काकू तितक्याच हळू म्हणाल्या, आणि कवितासकट सगळ्या हसल्या.

मागच्या रांगेत सानिका होती. पुण्यातली नोकरी सोडून मामाची बाग कसायला आलेली, बागेतल्याच दोन खोल्यांत एकटी राहणारी. हा तिचा पहिलाच बहर. तिनंही शब्द म्हटले, पाणी तळ्यात सोडलं, पण बाकीच्यांसारखे तळ्याला हात जोडले नाहीत. काकूंच्या ते नजरेत राहिलं.

ताण पुरा झाला की नाही, हे आधी पानांवरून आणि मातीच्या भेगांवरून ठरायचं. प्रत्येकीचं मत वेगळं, आणि प्रत्येकीला आपलीच बाग आधी भिजवायची घाई. मग कानोसा आला. कानोसा म्हणजे उदबत्तीएवढ्या बारीक सळया. ड्रोन त्या बागाबागांतून मातीत टोचत जायचा, आणि एकदा माती वरून सारखी झाली की कुठे काय आहे ते दिसतही नसे. सळई दोनच गोष्टी बघायची. मातीत ओल किती, आणि माती श्वास कसा टाकते.

मातीचा श्वास म्हणजे तिच्यातल्या जिवांचा. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. पाल्यापाचोळ्यात अडकलेलं नत्र सोडवून झाडाच्या मुळांना पचेल असं करून देणारे तेच. त्यांचं सगळं चालतं ओलीवर. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, आणि त्यांत पाणी आणि हवा दोघांनाही जागा हवी असते. रुपयात नऊ-दहा आणे पाणी आणि बाकी हवा असली की जिवाणूंची चंगळ असते, काम झपाट्यानं होतं. पाणी वाढून हवा कोंडली की निराळे जिवाणू जोर धरतात. त्यांना श्वासाला हवा मिळत नाही म्हणून ते नत्रातला प्राणवायू ओढून घेतात, आणि उरलेलं नत्र वायू होऊन उडून जातं. उलट पाणी आटत गेलं, की कणांवरची पाण्याची साय तुटते. अन्न जागचं हलत नाही. काही जिवाणू मरतात, बाकीचे निजतात. ताणात माती अशी निजलेली असते.

अशा निजलेल्या मातीवर पहिलं पाणी पडतं तेव्हा मेलेल्यांचं अन्न जित्यांना एकदम मिळतं. सगळे जागे होतात, आणि माती एक मोठा, लांब श्वास टाकते. त्या श्वासाबरोबर राखून ठेवलेलं नत्र मोकळं होतं, नेमकं झाड फुटायच्या वेळी. बहर त्या श्वासावर असतो. तो आधीच थोडाथोडा खर्च झाला, तर झाड झोपेत असतानाच नत्र निघून जातं, आणि खऱ्या पाण्याच्या दिवशी माती गप्प राहते.

कानोसा हे सगळं आवाजात सांगायचा. तुरीच्या दाण्याएवढं यंत्र कानात घातलं की कोरडी सळई मुकी, ओली सळई सुस्कारणारी. बायका काम करताना आपापल्या बागेचा कानोसा ऐकायच्या. कविता म्हणायची, नवऱ्याच्या घोरण्यापेक्षा हे बरं.

आणि गटाचा नियम होता, काकूंनीच आग्रहानं करून घेतलेला. ताणात ज्या बागेतली एक जरी सळई बोलली, त्या बागेचा ताण मोडला असं धरायचं, आणि ती बाग पाण्याच्या पाळीत शेवटी. शेवटच्या पाळीचं अंजीर वैशाखात पिकतं. उन्हानं फुटतं, पेटीत भरेपर्यंत आंबतं. शेवटची पाळी म्हणजे ते वर्ष गेलंच.

सुचेताकाकूंचा दिवस नेमांनी बांधलेला होता. लग्न होऊन आल्यापासून देव्हाऱ्यातल्या दत्ताच्या पादुकांवर रोज कळशीभर पाण्याची संततधार. गुरुवारी त्याआधी पंचामृत. पूजेचं पाणी मार्गी लागेपर्यंत मौन. दिवसातून एकदाच जेवण. एवढ्या वर्षांत कधी गवगवा केला नाही, की कुणाला तुम्हीही करा म्हटलं नाही.

अभिषेकाचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून ते झाडाच्या बुंध्याशी ओतायचं. एरवी त्या ते दारासमोरच्या अंजिराला घालत. पण ताणाच्या पहिल्या सकाळी कळशी उचलून त्या दारात आल्या आणि थबकल्या. ताण आहे. आपल्या बागेत थेंब पडायचा नाही, शब्द दिलाय. मोरीत तर ओतायचं नाही. कळशी कडेवर घेऊन त्या बांधापर्यंत गेल्या. तिथे एक औदुंबराचं रोप आपोआप उगवलं होतं, दोन बागांच्या मधोमध, जिथे कुणी पाय देत नाही. त्याच्या पलीकडच्या अंगाला उतार होता, पाणी साचलं नसतं. त्यांनी तिथे हात जोडले आणि कळशी रिती केली. आपण शब्दही पाळला आणि नेमही मोडला नाही, याचं त्यांना बरं वाटलं.

ताण निम्म्याच्या पुढे गेला होता, तेव्हा सानिकाच्या बागेतली एक सळई बोलली. बांधाकडच्या ओळीतली, अगदी शेवटच्या झाडाजवळची. ओल उतरत उतरत तिथवर पोचायला वेळ गेला होता. एकदा बोलली आणि मग रोज बोलत राहिली.

काकूंच्या ओसरीवर बैठक बसली. कविता सरळ विषयावर आली.

"एकाच झाडाला पाजलंस व्हय गं? बाकीची काय सावत्र हाईत?"

"मी पाणी दिलेलं नाही," सानिका म्हणाली.

"मग सळईला सपान पडलं आसंल."

"ओल आहे, हे मला मान्य आहे. मी स्वतः ऐकलंय. पण ती कुठून येते ते आधी बघू या ना. पाइप फुटला असेल, काही असेल."

"पाइप तळ्यापाशीच बंद केलेत. मी केलेत," कविता म्हणाली. "झाड तुझं, वळ तुझी, राहतीस तूच तिथं. आता आभाळातनं कोण येऊन वतणार?"

सगळ्या काकूंकडे बघायला लागल्या. काकूंनी पदर सारखा केला.

"सानिका, बाळ, चूक कुणाच्याही हातनं होते. पहिला बहर, झाडं सुकताना बघवत नाहीत, मला कळतं. शेवटची पाळी तर टळायची नाही. पण कबूल केलंस तर निदान मन हलकं होईल."

"काकू, न केलेलं कसं कबूल करू?"

"ओंजळीत पाणी घेऊन शब्द दिला होतास."

"दिला होता. तुमच्यासारखे हात जोडले नाहीत म्हणून तो खोटा होत नाही."

ओसरीवर कुणी काही बोललं नाही. तेवढ्या शांततेत काकूंचा हळू आवाज शेवटच्या बाईपर्यंत पोचला.

"ज्याला कशाचंच भय नाही, त्याच्या शब्दाला तळ नसतो गं."

सानिकानं त्यांच्याकडे पाहिलं. मग चपला घालून ती निघून गेली. तिची बाग शेवटच्या पाळीत गेली.

संध्याकाळी काकूंचे यजमान हनुमंतराव शेंगा फोडत बसले होते. ते बैठकींत कधी बोलत नसत, बैठका झाल्यावर बोलत.

"तुमचं ते यंत्र काय म्हणालं? ओल झाली, एवढंच ना?"

"हो."

"आणि कुणी केली, ते तुम्ही म्हणालात."

"अहो, दुसरं कोण करणार? तिथे जातं कोण?"

"ते मला काय ठाऊक," हनुमंतराव म्हणाले आणि एक खवट शेंगदाणा थुंकून टाकला. "पोरगी रडली नाही म्हणतात. चोर असती तर रडली असती."

काकूंना ते बोलणं लागलं. आपल्या हातनं कुणावर अन्याय व्हावा, हे त्यांना सोसण्यातलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, डोळ्यांनी बघायचं. प्रत्यक्ष पाणी घालताना सापडली, म्हणजे तिलाही नाकारायला जागा उरणार नाही आणि आपलंही मन निवांत होईल. त्यांनी कानोशाला सांगितलं, ती एकच सळई मला ऐकव, बोलली की लगेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यापासून कानातला दाणा मुका होता. गुरुवार होता. आंघोळ झाली, सोवळं नेसून झालं. पादुकांवर दूध, दही, तूप, मध, साखर चढली, मग संततधार. कळशी भरली. ती कडेवर घेऊन त्या बांधावर गेल्या, रोपाशी कळशी रिती केली, हात जोडले आणि घराकडे वळल्या. वाटेत थांबून त्यांनी उन्हाकडे तोंड करून नेहमीचा जप केला. तो संपतो न संपतो तोच कानात सुस्कारा उमटला.

आधी बारीक, फुंकरीसारखा. मग भरत गेला.

काकू तशाच मागे फिरल्या. सापडली, असं मनात आलं, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा आनंद होता. पाऊल न वाजवता त्या बांधाशी आल्या, रोपाआड वाकल्या आणि पलीकडे पाहिलं.

कुणी नव्हतं. सानिकाच्या खोलीचं दार बंद होतं. ओळीच्या टोकाशी शेवटचं झाड उभं होतं, आणि त्याच्या बुंध्याजवळ एक साळुंकी ओल्या मातीत चोच खुपसत होती. ओल बांधावरून उतरत तिथवर गेली होती. वरच्या टोकाला दह्याची एक कवडी अजून विरघळायची होती.

कानात सुस्कारा चाललाच होता. काकूंच्या हातात रिकामी कळशी होती.

घरी येऊन त्यांनी कानोशाला त्या सळईचा ताणातला सगळा आवाज एका दमात ऐकवायला सांगितलं. आधी नुसती शांतता. मग रोज सकाळी एक सुस्कारा, त्याच वेळेला. गुरुवारचा मोठा, खोल, जरा घोगरा. दूध-साखर म्हणजे जिवाणूंना पंगतच, त्यात ओल; ते सगळी हवा एकदम पिऊन टाकत आणि मग नत्रावर उठत. तो घोगरेपणा नत्र उडून जाण्याचा होता. आणि मध्येच एक सकाळ मुकी होती. भाचीच्या डोहाळजेवणाला जेजुरीला मुक्काम केला, ती.

त्यांचा नेम इतक्या नेमानं कुणीच ध्यानात ठेवला नव्हता.

त्यांना पहिल्यांदा वाटलं, मला कुठे ठाऊक होतं, की तिथे मातीखाली सळई आहे, ओल उतरेल. आणि ते काय पाणी होतं? ते तीर्थ होतं. तळ्यापाशी शब्द देताना ते त्यांच्या मनातही आलं नव्हतं. या विचारानं त्यांना घटकाभर धीर आला. मग दारासमोरचं अंजिराचं झाड दिसलं. कोरडं, राखाडी, नीट ताणावर गेलेलं. ताणाच्या पहिल्या सकाळी त्या याच दारात थबकल्या होत्या. तेव्हा त्यांना ते पाणी वाटलं होतं. म्हणून तर कळशी बांधावर गेली.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या पूजेचं पाणी एका माठात साठवायला लागल्या. बांधावरची ओल वाळली, सळई गप्प झाली. गटात कुजबुज झाली की बघा, बैठकीचा धाक बसला, पोरीनं पाणी बंद केलं. काकूंनी ते ऐकलं आणि गप्प राहिल्या. आपण सांगितलं तर काय होईल, ते त्यांना दिसत होतं. अध्यक्षपद जाईल, जाऊ दे. बाग शेवटी जाईल, तेही जाऊ दे. पण वर्षानुवर्षांचा नेम कुणाच्या तरी हसण्यावारी जाईल, दत्ताच्या पादुकांचं पाणी चोरीच्या पाण्याबरोबर एका दमात बोललं जाईल. देवाला यात कशाला ओढायचं? असं त्या स्वतःला सांगत होत्या, आणि देवाचं नाव आपण कुठे आडोशाला लावतोय हेही त्यांना कळत होतं.

मग त्यांनी मधला मार्ग काढला. गटाला म्हणाल्या, सानिकाचा पहिलाच बहर आहे. माझी पाळी तिला द्या, मी शेवटी जाते.

"देवमाणूस हो काकू तुम्ही," कविता म्हणाली. तिचे डोळे खरंच भरले होते. "ज्या पोरीनं तुम्हाला तोंडावर उलट उत्तर दिलं, तिच्यासाठी."

दोघीतिघींनी पायाला हात लावला. काकूंनी पाय मागे घेतले, तर त्यांना तोही विनय वाटला.

निरोप घेऊन त्या स्वतः सानिकाकडे गेल्या. ती दारात बसून छाटणीच्या कात्रीला धार लावत होती. उठली, चटई टाकली, पाणी दिलं. काकूंनी भांडं घेतलं आणि हातातच धरून ठेवलं.

"तुमची पाळी मला नको," सगळं ऐकून सानिका म्हणाली.

"का गं? बाग वाचेल तुझी."

"बाग वाचेल, मी नाही वाचणार. तुमच्या दयेवर बाग फुलली की मी चोर हे कायमचं झालं. त्यापेक्षा शेवटची पाळी बरी. निदान ती चुकीची आहे, हे मला तरी माहीत राहील." ती कात्रीकडे बघत बोलत होती. "मी रोज जाऊन बसते त्या झाडापाशी. माती हातात घेते. परवा तिला दह्यासारखा वास येत होता, आंबूस. मला वाटलं मला वेड लागायचंय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. काकूंनी भांडं खाली ठेवलं, "येते," म्हणाल्या, आणि आल्या.

दत्तजयंती झाली आणि बागा पिकल्याचं कानोशानं सांगितलं, म्हणजे ताण पुरा झाल्याचं. पहिल्या पाण्याच्या सकाळी तळ्याच्या मोठ्या व्हॉल्व्हची पूजा करायची, ओटी भरायची, नारळ फोडायचा आणि मग चाक फिरवायचं, हा मान अध्यक्षांचा. सगळ्या नटून आल्या होत्या. प्रत्येकीच्या कानात दाणा होता. पहिला श्वास ऐकायला मिळावा म्हणून बायका माहेरी जाणं पुढे ढकलत. सानिकाही आली होती, दूर, बाभळीखाली उभी.

कवितानं काकूंच्या हातात नारळ दिला. काकूंनी तो घेतला आणि खाली ठेवला.

"मला हा मान नाही," त्या म्हणाल्या. "सानिकाच्या बागेतली ओल माझी आहे."

आणि त्यांनी सांगितलं. कळशी, बांध, औदुंबराचं रोप, गुरुवारचं पंचामृत, सगळं. फार शब्द लागले नाहीत.

मग कविता म्हणाली, "अवो पण काकू, ते तीर्थ. त्याला कोण पाणी म्हणतंय? सळईला काय कळतंय तीर्थ आन् पाणी?"

"व्हय की," मागून कुणीतरी म्हणालं. "देवाचं ते. त्याला काय नियम लावायचा?"

बायका त्यांना सोडवायला लागल्या होत्या. माना हलायला लागल्या होत्या. आणखी दोन वाक्यं कुणी बोललं असतं, तर सगळं पुसून गेलं असतं. काकूंना वाटलं, जमीन दुभंगावी. ओसरीवर सानिकासाठी यातल्या एकीलाही एक वाक्य सुचलं नव्हतं. आणि त्यांना स्वतःलाही.

"मलाच कळलं होतं कविता, ते पाणी आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी माझ्या बागेत नाही ओतलं. माझ्या बागेपुरतं ते पाणी होतं. तिच्या बागेपुरतं तीर्थ झालं."

हलणाऱ्या माना थांबल्या.

"आणि मी पाळी देऊ केली, तेव्हाही मला ठाऊक होतं. तुम्ही पाया पडलात, तेव्हाही. नियम मलाच लागू आहे. माझी बाग शेवटी. सानिकाची तिच्या जागेवर."

सानिका बाभळीखालून पुढे आली. ती रागावलेली दिसत नव्हती. ती फक्त थकलेली दिसत होती.

"आणि ते वाक्य?" तिनं विचारलं.

काकूंना कुठलं ते विचारावं लागलं नाही. त्या काहीतरी म्हणाल्या.

"मागच्यांना ऐकू आलं नाही, काकू. त्या दिवशी सगळ्यांना ऐकू आलं होतं."

सुचेताकाकूंनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. त्यांना वाटायचं, ती आपली शालीनता. आज पहिल्यांदा त्यांना उमगलं की हळू बोलणाऱ्याचं सगळे मुकाट्यानं ऐकून घेतात आणि उलट तपासत कुणी नाही. त्यांनी श्वास घेतला. आवाज फाटला, चिरकला, पण तळ्याच्या दुसऱ्या काठापर्यंत गेला.

"माझ्या शब्दाला तळ नव्हता. सानिकाच्या होता."

काठावरचा बगळा उडाला. कुणी हसलं नाही.

चाक सानिकानं फिरवलं, असं काही झालं नाही. ते कवितानं फिरवलं, कारण ते जड होतं आणि तिलाच ते फिरायचं. नारळही तिनंच फोडला. पाणी पाइपातून धावलं, आणि थोड्या वेळानं बायकांच्या चेहऱ्यांवर एकेक करून ते दिसायला लागलं. कानात माती श्वास टाकत होती. लांब, भरलेला, इतक्या दिवसांचा राखलेला. कुणी डोळे मिटले, कुणी शेजारणीचा दंड धरला.

काकू बाजूला उभ्या होत्या. सानिका त्यांच्याजवळ आली, आपल्या कानातला दाणा काढून तिनं त्यांच्या तळहातावर ठेवला.

"शेवटची सळई लावलीय. ऐका."

त्यांनी दाणा कानाला लावला. तिथे पाणी पोचलं होतं, ओल भरत होती, पण माती गप्प होती. एक लहानसा उसासा, म्हाताऱ्या माणसानं कूस बदलावी तसा. त्यापुढे काही नाही. त्या झाडाचं राखलेलं सगळं रोज सकाळी थोडंथोडं खर्च होऊन गेलं होतं.

"ते झाड यंदा फुटणार नाही," सानिका म्हणाली. "पुढच्या वर्षीही फारसं नाही. पाचोळा घालून, जपून ओल ठेवून, हळूहळू आणावं लागेल."

"मी करते," काकू म्हणाल्या.

"नको. माझं झाड आहे, मी करेन." ती दाणा परत घेऊन निघाली आणि चार पावलांवर थांबली. "तुमचं ते रोजचं पाणी आता कुठे जातं?"

"माठात. माठ भरत आलेत."

"ओल मोजूनमापून द्यायचीय त्या झाडाला. कधी कळशीभर लागेल, कधी नाही लागणार. दूध-साखर तर मुळीच नको. तुम्हाला ओतायचं असलं, तर मला विचारायचं. रोज."

काकूंनी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नेमात एक भर पडली. पूजा झाली की कळशी कडेवर घेऊन त्या बांधावरून नव्हे, रस्त्यानं जात, सगळ्यांच्या दारांवरून, आणि सानिकाच्या फाटकाशी उभ्या राहत. मौन असल्यामुळे विचारता यायचं नाही, म्हणून नुसती कळशी पुढे करायच्या. सानिका हातातलं काम टाकून झाडापर्यंत जाई, माती मुठीत दाबून बघे, कानोसा घेई. कधी म्हणे, "निम्मी." कधी म्हणे, "ओता." तिच्या आवाजात गोडवा नसे, आणि कडवटपणाही नसे.

अंजिरं भरत आली होती तेव्हाची गोष्ट. काकू फाटकाशी उभ्या राहिल्या, कळशी पुढे केली. सानिका झाडाशी जाऊन आली, हात झटकले.

"आज नको. आज आहे ती ओल पुरे."

काकू वळल्या. बागांतून बायका तोडणीला लागल्या होत्या. त्यांची स्वतःची बाग तेवढी अजून हिरवी, कच्ची होती. कविता परडी घेऊन समोरून आली आणि भरल्या कळशीकडे बघून वाट सोडून उभी राहिली. काकूंनी कळशी दुसऱ्या कडेवर घेतली. तिच्यात पाणी काठोकाठ होतं, आणि रस्ताभर माणसांची पावलं होती. एक थेंबही खाली पडू नये म्हणून त्या फार सांभाळून चालत होत्या.